जपानी सैनिकांचे साके-प्याले: खरा कसा ओळखावा, बनावट कसा टाळावा

माझ्या संग्रहातला साकेचा, म्हणजे जपानी तांदळाच्या दारूचा, पहिला प्याला तळहातावर ठेवला तर चटणीच्या वाटीएवढा दिसतो. पांढरी चिनी माती, आत एका बाजूला गुलाबी साकुराची म्हणजे चेरीच्या फुलांची फांदी, तिच्याखाली जपानी लष्कराचा पाच टोकांचा तारा आणि काठावरून फिरलेली सोन्याची बारीक रेघ. ती रेघ एका जागी पुसट झाली आहे. ओठ तिथेच टेकत असणार. प्याला उलटा केला की बुडाच्या कड्याच्या आत लाल अक्षरांत एक आडनाव दिसतं. तेवढंच, पत्ता नाही की गाव नाही.

त्या आडनावाचा अर्थ कळला तेव्हा मला आमच्या घरातला पितळी गडू आठवला. त्याच्या गळ्याशी ठिपक्याठिपक्यांनी कोरलंय, ‘चि. अमुक याच्या मुंजीत सप्रेम भेट’, आणि खाली तारीख. लग्नामुंजीत नाव घालून भांडी द्यायची आपली जी रीत आहे, तिच्या जवळची वस्तू म्हणजे हा प्याला. जपानमध्ये १८७३ साली सक्तीच्या लष्करी भरतीचा कायदा आला. वीस वर्षांचा मुलगा तपासणीत पास झाला की गावातले लोक, नातेवाईक, शेजारी त्याला निरोपाचे पैसे देत, छोटी भेट देत. दोन-तीन वर्षं छावणीत काढून सुटका झाली की तो छावणीजवळच्या दुकानात आपल्या पलटणीचा क्रमांक आणि स्वतःचं नाव घालून प्याले करून घ्यायचा आणि घरी आल्यावर त्या सगळ्यांना वाटायचा. प्याल्याचा खर्च त्याच्या खिशातून जायचा, लष्कर हे प्याले देत नसे.

एवढं नीट समजून घेतलं की बनावट मालातला निम्मा तिथेच गळतो. बनावट करणाऱ्याच्या डोक्यात युद्ध असतं, म्हणून तो हल्ला, विमानं, आत्मघाती पथकं रंगवतो. खरा प्याला मात्र सुखरूप घरी आल्याबद्दल शेजाऱ्यापाजाऱ्यांना दिलेली भेट आहे. पुढच्या प्रत्येक पायरीवर हाताळताना स्वतःला विचारत राहा: हा कोणी दिला, कोणाला, कशासाठी?

एक गोष्ट आधीच सांगतो. याच सैन्याने १९३७ च्या डिसेंबरपासून चीनमधल्या नानजिंगमध्ये आणि १९४२ ते १९४५ मध्ये अंदमानात लोकांवर काय अत्याचार केले, हे विसरून या वस्तू जमवता येत नाहीत. मी त्या जमवतो कारण शेतातून उचलून पलटणीत नेलेल्या एका मुलाचं नाव त्यावर असतं. ते नाव आणि तो इतिहास दोन्ही एकाच प्याल्यात आहेत, आणि दोन्ही वाचायचे असतात.

पायरी पहिली: काय काय मिळतं ते पाहून घ्या

साके पिण्याच्या उथळ प्याल्याला जपानीत साकाझुकी म्हणतात. सैनिकांचे बहुतेक साकाझुकी चिनी मातीचे असतात, व्यास साधारण ५ ते ८ सेंटिमीटर. सेतो, मिनो, आरिता, कुतानी ही मातीकामाची जुनी ठिकाणं, तिथला माल सगळीकडे जायचा. याच जोडीला तोक्कुरी म्हणजे साकेची सुरई मिळते, पण सुरई आणि प्याले एकाच माणसाचे असल्याचा जोड क्वचित सापडतो.

दुसरा प्रकार लाखेचा. लाकडावर उरुशी नावाच्या झाडाच्या चिकाचे थर चढवून, वर सोन्याच्या भुकटीने नक्षी काढलेली. हे बहुधा लाल, आकाराने मोठे आणि हातात घेतले की वजन जाणवतच नाही. तिसरा प्रकार चांदीचा, आणि तिथे सावध राहा, कारण चांदीचे बरेच प्याले सैनिकांनी वाटलेले नसून वरून मिळालेले असतात. सोळा पाकळ्यांचं शेवंतीचं फूल असेल तर तो राजघराण्याकडून, किरी झाडाची पानं-फुलं असतील तर सरकारकडून. ते जमवायला हरकत नाही, फक्त ‘सैनिकाचा प्याला’ म्हणून विकत घेऊ नका. चांदीवर ‘जुन्गिन’ म्हणजे शुद्ध चांदी अशी दोन अक्षरं असतात. १९२९ पासून जपानी टांकसाळीने झेंड्याचं चिन्ह असलेला शुद्धतेचा शिक्का मारायला सुरुवात केली, त्यामुळे तो शिक्का असलेला प्याला त्याआधीचा असू शकत नाही.

नवख्याने सुरुवात चिनी मातीपासूनच करावी असं माझं ठाम मत आहे. साधे प्याले लाखोंच्या सैन्यातल्या माणसांनी डझनांनी वाटले, म्हणून ते आजही स्वस्त आहेत, आणि स्वस्त वस्तूची नक्कल करण्यात कोणाला फायदा नाही. साध्या पायदळाच्या सुटकेचा प्याला, थोडी झीज, बुडाशी आडनाव: असे पाच घ्या. पाच खरे हातात आले की सहावा खोटा आपोआप खटकतो.

पायरी दुसरी: अक्षरं वाचायला शिका

जपानी येत नसलं तरी चालतं. सात-आठ शब्द पुरतात. मोबाइलवरच्या जपानी शब्दकोशात हे उच्चार घाला आणि दिसणारी अक्षरं एका कार्डावर स्वतःच्या हाताने काढून घ्या, कारण हाताने काढलेलं अक्षर डोळा विसरत नाही. ‘किनेन’ म्हणजे स्मरणार्थ. ‘जोताई’ म्हणजे सेवेतून सुटका. ‘मान्की’ म्हणजे मुदत पूर्ण. ‘गाइसेन’ म्हणजे युद्धावरून परतणं. ‘रेन्ताई’ म्हणजे रेजिमेंट. ‘होहेई’ पायदळ, ‘किहेई’ घोडदळ, ‘कोहेई’ सुरुंग-पूल बांधणारे सॅपर, ‘शिचोहेई’ रसद आणि वाहतूक. कॅमेऱ्याने भाषांतर करणारं ॲप छापील अक्षरांना चालतं, पण कुंचल्याने वळणदार लिहिलेल्या अक्षरांवर ते वाटेल ते सांगतं. ॲपवर विसंबून पैसे देऊ नका.

आता तारखा. जपानी वर्ष सम्राटाच्या काळाने मोजतात. मेइजीच्या आकड्यात १८६७ मिळवा, ताइशोच्या आकड्यात १९११, शोवाच्या आकड्यात १९२५. म्हणजे शोवा ९ म्हणजे १९३४. आकडेही सोपे आहेत: एक म्हणजे एक आडवी रेघ, दोन म्हणजे दोन, तीन म्हणजे तीन, आणि दहा म्हणजे अधिकच्या चिन्हासारखी खूण. मेइजी ४५ वर संपतो, ताइशो १५ वर. हे सैन्यच १९४५ साली, म्हणजे शोवा २० ला संपलं. यापलीकडचा आकडा दिसला तर तो प्याला या विषयाचा नाही. ‘मेइजी सदतीस-अडतीस’ असं लिहिलेलं दिसलं तर ते १९०४-०५ चं रशियाशी झालेलं युद्ध.

आणखी दोन खुणा मला फार उपयोगी पडल्या आहेत. पहिली म्हणजे आडव्या ओळीची दिशा. युद्ध संपेपर्यंत जपानमध्ये अशी आडवी नावं सर्रास उजवीकडून डावीकडे लिहीत. प्याल्यावर ‘किनेन’ हा शब्द डावीकडून उजवीकडे वाचता आला तर थांबा आणि पुन्हा पाहा. दुसरी खूण ‘रेन्ताई’ शब्दातल्या पहिल्या अक्षराची. जुन्या लिखाणात त्या अक्षराच्या डाव्या अंगाला ‘कान’ या अर्थाचं चिन्ह असतं, शिडीसारखं उभं. आजच्या जपानीत त्याच उच्चारासाठी दुसरं अक्षर वापरतात, ज्यात गाडीचं चिन्ह असतं आणि खालून वळण घेऊन जाणारी शेपटी. १९४६ नंतर अक्षरं सोपी करण्याचं सरकारी धोरण आलं आणि हे बदल पक्के झाले. मात्र इतर काही शब्दांची सोपी रूपं लोक आधीपासून हाताने लिहीत होतेच, म्हणून एका सोप्या अक्षरावरून निकाल देऊ नका. शेपटीवालं ‘रेन्ताई’ आणि डावीकडून उजवीकडची ओळ दोन्ही एकत्र आली तर मी तो प्याला सरळ परत ठेवतो.

पलटणीचा क्रमांकही तपासता येतो. उदाहरणार्थ, १९२५ साली जपानने लष्कर कमी केलं तेव्हा तेरावी, पंधरावी, सतरावी आणि अठरावी या चार डिव्हिजन बरखास्त झाल्या, आणि १९३७ पासून चीनमधल्या युद्धासाठी पुन्हा उभ्या केल्या. मधल्या वर्षांत त्यांच्या नावाने सुटकेचा प्याला निघणं शक्य नव्हतं. क्रमांक आणि वर्ष जुळवायला दहा मिनिटं लागतात, आणि नक्कल करणारे हे काम करत नाहीत.

पायरी तिसरी: चित्राला प्रश्न विचारा

झेंड्यापासून सुरुवात करा. लष्कराच्या रेजिमेंटच्या झेंड्यात सूर्य बरोबर मध्यभागी असतो, त्यातून सोळा किरणं निघतात आणि कडेला जांभळी झालर असते. नौदलाच्या झेंड्यातही सोळा किरणं, पण सूर्य काठीकडे सरकलेला. पायदळाच्या प्याल्यावर काठीकडे सरकलेला सूर्य दिसला तर चित्रकाराला काय रंगवतोय हे माहीत नव्हतं. जुन्या काळच्या कारागिराकडूनही अशी चूक होऊ शकते, म्हणून ही एकटी खूण पुरेशी नाही, पण ती कानाशी घंटा वाजवते. किरणं मोजा, खरंच बोट ठेवून मोजा.

लष्कराची खूण तारा, नौदलाची नांगर आणि साकुरा. मांचुरियात नेमणूक झालेल्यांच्या प्याल्यांवर १९३२ मध्ये उभ्या केलेल्या मांचुकुओ राज्याचा झेंडा दिसतो: पिवळी पार्श्वभूमी आणि वरच्या डाव्या कोपऱ्यात लाल, निळा, पांढरा, काळा असे चार पट्टे, याच क्रमाने. क्रम चुकलेला मी दोनदा पाहिला आहे, दोन्ही वेळा बाकीचा प्यालाही नवाच निघाला.

आकारही बोलतो. पोलादी शिरस्त्राणाच्या आकाराचे प्याले फार लोकप्रिय आहेत. उलटे ठेवले की हेल्मेट, सुलटे केले की प्याला. ते हेल्मेट जपानी सैनिकांच्या डोक्यावर १९३० च्या दशकात आलं. तेव्हा हेल्मेटच्या आकाराचा प्याला आणि त्यावर रशियाच्या युद्धाचं साल हे जमणारच नाही.

काही नावं दिसली तर नवख्याने हात मागे घ्यावा. ‘यामातो’ ही युद्धनौका १६ डिसेंबर १९४१ ला नौदलात दाखल झाली आणि युद्ध संपेपर्यंत सामान्य जपानी माणसापासून ती लपवून ठेवली होती. तिच्या नावाचे प्याले त्या काळात उघडपणे करून वाटले जातील का? आत्मघाती पथकांचंही तसंच. ती ऑक्टोबर १९४४ मध्ये सुरू झाली, तेव्हा देश उपाशी होता आणि त्या वैमानिकांना घरी येऊन काही वाटायचं नव्हतं. निरोपाच्या वेळी प्याला ओठाला लावत, हे खरं. पण त्या प्याल्यावर रंगीत अक्षरांत पथकाचं नाव घालून तो आठवण म्हणून विकायला कोण बसलं होतं? जर्मनी, इटली आणि जपान यांचे तीन झेंडे एकत्र असलेले प्यालेही याच यादीत टाका. तसे काही खरे असतीलही, पण नाझी वस्तूंचे संग्राहक त्यासाठी मोठी रक्कम मोजतात, आणि रक्कम मोठी तिथे नक्कल येते.

‘रणांगणावर सापडला’ ही कथा तर ऐकूच नका. आपल्याकडे साताऱ्या-कोल्हापुराकडच्या काही घरांतून बर्माच्या आघाडीच्या आठवणी आजही निघतात. मार्च १९४४ मध्ये मणिपूरमधल्या सांगशाकला मराठा लाइट इन्फंट्रीच्या चौथ्या बटालियनचे मराठे जपान्यांशी लढले. अशा घरात जपानी झेंडा किंवा संगीन असणं समजण्यासारखं आहे. सुटकेचा प्याला मात्र जपानमधल्या कुणाच्या तरी फडताळात असायला हवा होता, मणिपूरच्या डोंगरात नाही.

पायरी चौथी: उलटा करा, वाजवा, भिंग लावा

विक्रेता नेहमी चित्राची बाजू दाखवतो. तुम्ही बुडापासून सुरू करा. बुडाच्या कड्याला लकाकी नसते, तिथे उघडी माती दिसते. जुन्या प्याल्यात ती उघडी माती किंचित मळकट, वापराने गुळगुळीत झालेली असते, मध्येच भट्टीतल्या रेतीचा एखादा कण चिकटलेला सापडतो. अख्खं कडं सारख्याच तपकिरी रंगाचं दिसलं तर कोणी चहाच्या पाण्यात बुडवून म्हातारपण आणलेलं असू शकतं. मळ असा एकसारखा बसत नाही. युद्धकाळातल्या काही मातीच्या भांड्यांच्या बुडाशी माल जिथे बनला त्या भागाचं एक अक्षर आणि आकडा असतो. तो सरकारी नियंत्रणाचा क्रमांक, आणि तो दिसला तर काळ ठरवायला मोठी मदत होते.

मग वाजवा. माठ घेताना जशी टिचकी मारतो तशीच, पण नखाने आणि हलकेच. खणखणीत आवाज आला तर ठीक, बद्द आला तर बारीक तडा आहे, डोळ्याला दिसो न दिसो.

आता दहापट मोठं दाखवणारं भिंग, सोनाराकडे असतं तसं. इथे माझी एक फसवणूक सविस्तर सांगतो, कारण तिने मला भिंग कसं वापरायचं ते शिकवलं. मी एका परदेशी विक्रेत्याकडून ऑनलाइन एक प्याला घेतला होता: आत मोठा लाल सूर्य आणि काळ्या जाड अक्षरांत आत्मघाती पथकाचं नाव. प्याला जुना होता, हे नक्की. काठावरचं सोनं विरलेलं, बुडाची माती मळलेली, आतल्या लकाकीवर वर्षानुवर्षं घासल्याच्या बारीक रेषा. भिंगातून मी एका ओरखड्याचा माग धरला. तो काठापासून निघाला, सूर्याच्या कडेला पोचला, लाल रंगाखालून गेला आणि पलीकडे पुन्हा दिसू लागला. रंगावर ओरखडा नव्हताच. म्हणजे प्याला आधी वापरून झिजला आणि सूर्य त्यानंतर आला. नेलपॉलिश काढायच्या द्रावणात कापसाची काडी बुडवून अक्षराच्या एका टोकाला लावली तर कापूस काळा झाला. भट्टीत भाजलेला रंग असा सुटत नाही. साधा जुना कोरा प्याला स्वस्तात घेऊन त्यावर नवं चित्र काढणं ही सगळ्यात चलाख नक्कल आहे, कारण बूड, काठ, आवाज सगळं खरं असतं. म्हणून झीज आणि चित्र एकमेकांना भेटतात कुठे तेच पाहायचं: खऱ्या प्याल्यात दोघं बरोबर म्हातारे झालेले असतात.

भिंगातून ठिपके दिसले तर घाबरू नका. छापील चित्र चिकटवून भाजायची पद्धत त्या काळीही होती. फरक ठिपक्यांच्या जातीत आहे. जुन्या छपाईत एका रंगाचे, थोडे ओबडधोबड ठिपके असतात. वर्तमानपत्रातल्या फोटोसारखी चार रंगांची अगदी आखीव जाळी दिसली तर ती आजची छपाई. हाताने रंगवलेल्या ठिकाणी कुंचल्याचा उचलल्याचा फराटा दिसतो, रंग कडेला किंचित साचलेला असतो, बोटाला हलका उंचवटा लागतो.

कापसाची परीक्षा फक्त भाजलेल्या चिनी मातीवर आणि फक्त स्वतःच्या वस्तूवर करा. लाखेवर अजिबात नको. लाखेचा प्याला तपासायचा तर टवका उडालेली जागा शोधा: आत लाकूड दिसायला हवं. बुडाच्या मधोमध बारीक गोल उंचवटा किंवा कडेने साच्याची रेघ सापडली तर ते प्लास्टिक आहे, कितीही सुंदर लाल असलं तरी. नोटा तपासायची अतिनील किरणांची बॅटरी जवळ ठेवा. अंधारात तिच्या उजेडात चिकटवलेला तडा, भरलेला टवका आणि नंतर दिलेला रंग वेगळे चमकतात.

एक तिसरा गट आहे, ज्याला बनावट म्हणणं अन्याय होईल. युद्धानंतर जुन्या सैनिकांनी मेळाव्यांसाठी प्याले करून घेतले, आणि १९५४ मध्ये स्थापन झालेल्या आत्मसंरक्षण दलाच्या तुकड्यांचेही प्याले निघाले. ते प्रामाणिक आहेत, फक्त नंतरचे आहेत. त्यांची किंमत त्यांच्या वयाप्रमाणे द्या.

पायरी पाचवी: खरेदी

तोक्योत निशी-कासाई भागात किंवा जपानमध्ये इतरत्र राहणाऱ्या आपल्या लोकांना सगळ्यात चांगली संधी आहे, कारण वस्तू हातात घेऊन पाहता येते. क्योतोत तोजी मंदिराचा बाजार दर महिन्याच्या २१ तारखेला आणि कितानो तेन्मांगूचा २५ तारखेला भरतो. पहाटे जा, विचारल्याशिवाय वस्तू उचलू नका, आणि उचलली की दोन्ही हातांनी, टेबलाच्या वर धरूनच पाहा. तिथे फारशी घासाघीस चालत नाही. दोन-तीन प्याले एकत्र घेतले तर विक्रेता स्वतःहून कमी करतो.

भारतातून ऑनलाइन घेणाऱ्याने जपानी विक्रीच्या पानांवरचे चार शब्द पाठ करावेत. ‘होत्सु’ म्हणजे काठाचा बारीक टवका. ‘काके’ म्हणजे मोठा तुकडा गेलेला. ‘न्यूउ’ म्हणजे केसासारखा तडा. ‘सुरे’ म्हणजे घासून झालेली झीज. भाषांतरात हे शब्द हमखास हरवतात आणि घरी फुटका प्याला येतो. ‘तोमोबाको’ लिहिलं असेल तर वस्तूबरोबर तिची मूळ लाकडी पेटी आहे. पेटीवरचं लिखाण प्याल्याशी जुळतं का पाहा, कारण पेट्या अदलाबदल होतात.

पैसे देण्याआधी विक्रेत्याकडे तीन फोटो मागा: बूड सरळ वरून, काठाचा जवळून, आणि तिरप्या उजेडात आतली बाजू. तिरप्या उजेडात झीज उठून दिसते. ज्याच्याकडे खरी वस्तू आहे तो फोटो देतो. ‘आजोबांच्या ट्रंकेत सापडला’ अशी लांबलचक गोष्ट आणि बुडाचा एकही फोटो नाही, अशा ठिकाणी वेळ घालवू नका. एकाच विक्रेत्याकडे एकच दुर्मीळ प्याला आठवड्यामागून आठवडा पुन्हा विक्रीला येतोय का तेही पाहून ठेवा. टपाल आणि सीमाशुल्क धरून किंमत किती पडेल हे आधी मोजा, कारण स्वस्त प्याल्यावर बरेचदा टपालच जास्त होतं. त्यामुळे मी वर्षातून दोनदाच, पाच-सहा प्याले एकत्र मागवतो.

पायरी सहावी: घरी आल्यावर

या प्याल्यांतून पिऊ नका. जुन्या लकाकीवरच्या रंगांत शिसं असू शकतं. कोमट पाणी, साध्या साबणाचा एक थेंब, बोटांनी धुणं, मऊ सुती कापडाने टिपणं, बस. घासणी, चिंच, राख, भांड्यांची पावडर यातलं काहीही काठाच्या सोन्याला लागलं की ते गेलं. चांदीच्या प्याल्यांना रबरबँड लावू नका, त्यातल्या गंधकाने काळा डाग पडतो.

लाखेचं प्रकरण आपल्या हवेत नाजूक आहे. उरुशीला फार कोरडेपणाही चालत नाही आणि कोकणातल्या पावसाळ्यासारखी कोंदट ओलही नाही. एसीच्या वाऱ्यासमोर ठेवलेला प्याला वाळून भेगाळतो, बंद कपाटातल्या ओलीत बुरशी येते. मी ते आम्लरहित कागदात गुंडाळून लाकडी पेटीत ठेवतो, आणि जुलै-ऑगस्टमध्ये पंधरा दिवसांतून एकदा कोरड्या दिवशी पेटी उघडून सावलीत हवा देतो. उन्हात मात्र एक तासही नाही. ऊन लाखेचा रंग उडवतं आणि तो परत येत नाही.

प्रत्येक प्याल्याची नोंद वहीत करा: कुठून, कधी, किती रुपयांना, बुडाचा फोटो, वाचता आलेली सगळी अक्षरं, आणि न वाचता आलेल्यांची हाताने काढलेली नक्कल. माझ्या पहिल्या प्याल्याच्या पानावर पाच वर्षं एक अक्षर नुसतं काढलेलं होतं. गेल्या वर्षी एका जपानी विद्यार्थिनीने ते वाचून दिलं. ते आडनावातलं दुसरं अक्षर होतं, अर्थ ‘शेत’.